बेसबॉलचा सामना वहीत कसा मांडावा

आझाद मैदानावर कांगा लीगच्या सामन्याची गुणवही ज्याने कधी लिहिली आहे, त्याला बेसबॉलची आकडेमोड परकी वाटणार नाही, कारण तिचे मूळ क्रिकेटच्या गुणवहीतच आहे. इंग्लंडमधील एक्झेटर येथे १८२४ साली जन्मलेले आणि लहानपणीच ब्रुकलिनला गेलेले हेन्री चॅडविक हे आधी क्रिकेटचे वार्ताहर होते. क्रिकेटच्या धावफलकावरूनच त्यांनी १८५९ च्या सुमारास बेसबॉलचा ‘बॉक्स स्कोअर’, म्हणजे सामन्याचा आकडेवारीचा तक्ता, घडवला.

वहीच्या पानावर डावीकडे नऊ फलंदाजांची नावे लिहावीत आणि प्रत्येकापुढे नऊ डावांचे चौकोन आखावेत. क्षेत्ररक्षकांना ठरलेले क्रमांक असतात: पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) २, तिन्ही बेसवरचे (बेस म्हणजे फलंदाजाने धावत गाठायचे टप्पे) अनुक्रमे ३, ४, ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधला) ६ आणि बाहेरच्या मैदानात डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून पहिल्या बेसकडे फेकला व फलंदाज बाद झाला, तर ‘६-३’ लिहावे. तीन स्ट्राइकवर (फलंदाजाविरुद्ध मोजल्या जाणाऱ्या चेंडूंवर) बाद झाल्यास ‘के’ ही खूण करावी. तीही चॅडविक यांचीच.

खरी काळजी सरासरी, म्हणजे हिट (चेंडू मारून गाठलेला बेस) भागिले धरलेल्या खेपा, काढताना घ्यावी. चार ‘बॉल’, म्हणजे ठरलेल्या कक्षेबाहेरचे चेंडू, सोडून फलंदाजाला पहिला बेस मिळाला, म्हणजे ‘वॉक’ मिळाला, तर तो सरासरीत धरला जात नाही. आपल्याकडे वाइडची धाव अवांतरात जाते, फलंदाजाच्या नावावर नाही. क्रिकेटमध्ये मुरलेल्या चॅडविक यांनाही वॉक हा पिचरचाच दोष वाटे. मला हा हिशेब अपुरा वाटतो, आणि का ते उदाहरणावरून दिसेल. एक फलंदाज पाच वेळा आला, एक हिट, दोन वॉक आणि दोनदा बाद: सरासरी तीनात एक, म्हणजे ०.३३३. दुसऱ्याने पाचात दोन हिट मारले, वॉक एकही नाही: ०.४००. पण बेसवर पहिला तीनदा पोहोचला, दुसरा दोनदाच. म्हणून हिट आणि वॉक यांची बेरीज एकूण खेपांनी भागून दुसरा आकडाही काढावा: ०.६०० आणि ०.४००. (अंगाला चेंडू लागून मिळालेला बेसही या बेरजेत धरतात.)

ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी १९४७ साली ॲलन रॉथ यांना पूर्णवेळ सांख्यिक म्हणून नेमले आणि या दुसऱ्या आकड्याला संघाच्या निर्णयांत स्थान मिळाले. अधिकृत मान्यता मात्र १९८४ मध्ये आली.

सरावासाठी न्यूयॉर्कचा संध्याकाळी सातचा सामना निवडावा. उन्हाळ्यात तो मुंबईत पहाटे साडेचारला सुरू होतो, आणि दोन्ही आकड्यांचे रकाने शेजारी-शेजारी भरता येतात.