पिकअपचा क्लच वाजतोय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे तपासा

क्लचमधून आवाज यायला लागला की बहुतेक वेळा थेट ‘क्लचसेट टाका’ असं सांगितलं जातं. पण मागच्या चाकांवर चालणाऱ्या पिकअपमध्ये क्लचपर्यंत पोचायचं तर प्रॉपेलर शाफ्ट आणि अख्खा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. एवढं करून आवाज पेडलच्या बुशचा निघाला तर मजुरी आणि दिवसाचं भाडं दोन्ही गेलं. आवाज पेडलच्या कोणत्या जागी सुरू होतो आणि कुठे थांबतो, त्यावरून दोष बऱ्यापैकी नेमका सापडतो.

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. इंजिन बंद असतानाच पेडल हाताने हळूहळू दाबून बघा. करकर इथेच ऐकू आली तर पेडलचा बुश, केबल किंवा क्लच फोर्क (रिलीज बेअरिंग ढकलणारा दांडा) ज्या गोळ्यावर टेकतो तो गोळा कोरडा पडलाय. बुश आणि केबलचं काम गिअरबॉक्स न उतरवता होतं.

आता इंजिन सुरू करून दहा मिनिटं गरम होऊ द्या. थंड गिअर ऑईल घट्ट असतं आणि गिअरबॉक्सचा आवाज झाकून टाकतं. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, पाय पेडलवरून पूर्ण काढा. घरघर येतेय आणि पेडल पूर्ण दाबल्यावर ती थांबतेय? मग संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या, म्हणजे क्लचकडून फेरे आत नेणाऱ्या दांड्याच्या बेअरिंगवर. पेडल दाबलं की तो शाफ्ट फिरायचा थांबतो, म्हणून आवाजही थांबतो. इथे क्लचसेट बदलून काहीच फरक पडणार नाही. घरघरीऐवजी सैल खडखड असेल तर क्लचप्लेटच्या मधल्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या असण्याची शक्यता आहे.

उलट, पाय काढलेला असताना शांत आणि पेडलचा फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी चाल) संपून किंचित जोर लागताच शीळ किंवा घासल्यासारखा आवाज, तर ते रिलीज बेअरिंग. ते प्रेशर प्लेटमधल्या डायफ्राम स्प्रिंगच्या (क्लच दाबून धरणाऱ्या चकतीसारख्या स्प्रिंगच्या) बोटांना टेकतं त्याच क्षणी वाजू लागतं.

पायलट बेअरिंग ओळखताना सगळ्यात जास्त चुका होतात. ते क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या शाफ्टच्या) टोकाला बसतं आणि इनपुट शाफ्टचं पुढचं टोक त्यात फिरतं. क्रँक आणि शाफ्टचा वेग वेगळा होईल तेव्हाच त्याला काम पडतं. म्हणून पेडल पूर्ण दाबा, पहिला गिअर टाका आणि गाडी उभीच ठेवा. किंचाळल्यासारखा आवाज आता आला आणि पेडल दाबलेलंच ठेवून न्यूट्रल केल्यावर कमी झाला, तर पायलट बेअरिंग. रिलीज बेअरिंगला गिअर कोणता आहे याने फरक पडत नाही.

सोलापुरात क्लच लवकर का जातो, हेही समजून घ्या. कांद्याच्या हंगामात सिद्धेश्वर मार्केट यार्डाबाहेरच्या रांगेत भरलेली गाडी तासन्‌तास हाफ क्लचवर फूट-फूट पुढे सरकते. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो, त्यात प्लेट घसरत राहते. फ्लायव्हीलवर (क्लचप्लेट जिच्यावर दाबली जाते त्या इंजिनच्या जड चकतीवर) निळे डाग पडतात आणि रिलीज बेअरिंगमधलं ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं. पेडलवर पाय टेकवून गाडी चालवण्याची सवय त्याहून वाईट, कारण मग ते बेअरिंग दिवसभर फिरतच राहतं. रांग थांबली की न्यूट्रल करा आणि पाय काढा.

केबलचा क्लच असेल तर आधी फ्री प्ले मोजा. साधारण 10 ते 20 मि.मी. असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. फ्री प्लेच उरला नसेल तर आधी तो लावा आणि पुन्हा ऐका.

गिअरबॉक्स उतरवायचाच ठरला तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. प्रॉपेलरच्या फ्लँजवर खूण करून मगच नट सोडा, नाहीतर बसवताना जागा बदलून गाडी थरथरते. हायड्रॉलिक क्लच असेल तर स्लेव्ह सिलिंडर (फ्लुइडच्या दाबाने फोर्क ढकलणारा) पाइप न सोडता तारेने बाजूला बांधा आणि त्यानंतर पेडलला कुणालाही हात लावू देऊ नका. पिस्टन बाहेर उडतो. स्टार्टर, रिव्हर्सची वायर, गिअर लिव्हर, क्रॉस मेंबर काढा. इंजिनखाली लाकडी ठोकळा ठेवून आधार द्या. गिअरबॉक्स जॅकवर तोला आणि सरळ मागे ओढा. तो शाफ्टवर लटकला तर प्लेटचा हब वाकतो. नवीन प्लेट टाकूनही क्लच नीट न सुटण्यामागे अनेकदा हेच कारण असतं.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, अर्धा-अर्धा आटा ढिले करा. आतली काळी धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा. प्लेटचे रिव्हेट पृष्ठभागापासून 0.3 मि.मी.पेक्षा कमी खोल राहिले असतील तर प्लेट संपली. डायफ्रामची बोटं एका पातळीत हवीत. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चर असतील तर लेथवर फेस मारून (पृष्ठभाग सपाट करून) घ्या. खोल तडा असेल तर बदला. प्लेटवर तेल दिसलं तर आधी क्रँकचं मागचं सील आणि गिअरबॉक्सचं पुढचं सील बदला, नाहीतर नवीन प्लेटही तेल पिऊन गाडी सुटताना हिसके देईल.

एवढं उघडल्यावर एकटं रिलीज बेअरिंग बदलण्यात काटकसर नाही. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज आणि पायलट बेअरिंग एकत्रच टाका. नवीन रिलीज बेअरिंग डिझेलमध्ये धुऊ नका, आतलं ग्रीस निघून जातं.

बसवताना प्लेटवरची ‘फ्लायव्हील साइड’ ही खूण बघा. स्प्रिंगांचा फुगवटा बहुधा प्रेशर प्लेटकडे येतो. प्लेट मध्यभागी धरायला अलाइनमेंट टूल किंवा जुना इनपुट शाफ्ट वापरा. शाफ्टच्या आट्यांवर (लांबीच्या खाचांवर) ग्रीसचा अगदी पातळ हात, फोर्कच्या गोळ्यावर उष्णता सोसणारं ग्रीस. जास्त लावलं तर ते उडून प्लेटवर जातं. गिअरबॉक्स अडला तर बेलहाऊसिंगचे (क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणाचे) बोल्ट आवळून ओढून घेऊ नका. गिअर टाकून प्रॉपेलरच्या बाजूने शाफ्ट थोडा फिरवा, आटे जुळले की तो आपसूक सरकतो.

हायड्रॉलिक क्लच असेल तर क्लच फ्लुइडच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच फ्लुइड घाला आणि हवा काढा. गिअर ऑईल भरणीच्या भोकातून ओघळेपर्यंत भरा.

मग वरच्या सगळ्या चाचण्या त्याच क्रमाने पुन्हा करा. पहिले 500 कि.मी. पूर्ण भार टाकू नका. त्यानंतर तुळजापूरच्या घाटात भरलेली गाडी वरच्या गिअरमध्ये चढवून बघा: इंजिनचे फेरे वाढतात पण गाडीचा वेग वाढत नाही, असं झालं तर प्लेट घसरतेय, फ्री प्ले आणि तेलाची गळती पुन्हा तपासा.