जुनं जलविद्युत केंद्र चालवताना या चुका टाळा

जुन्या जलविद्युत केंद्रात नव्याने ड्युटीवर आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "साहेब, हे मशीन पहिल्यापासून असंच आहे." दोन नंबर थोडं थरथरतं, असंच आहे. तीन नंबरच्या गव्हर्नरचा (मशीनचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) ऑइल पंप सारखा सुरू होतो, असंच आहे. पाण्यावरची मशीनं नीट ठेवली तर माणसांच्या दोन पिढ्या काढतात, त्यामुळे वयाला मी फारसा घाबरत नाही. भीती वाटते ती मशीनच्या कुरकुरीची आपल्याला होणाऱ्या सवयीची. खालच्या बहुतेक चुका त्या सवयीतूनच होतात.

शिअर पिनच्या जागी 'मजबूत' बोल्ट

एका ओव्हरहॉलच्या वेळी टर्बाइन पिटमध्ये उतरलो होतो. गाइड व्हेनच्या (टर्बाइनमध्ये जाणारं पाणी कमी-जास्त करणाऱ्या पात्यांच्या) लिव्हरवरचं जुनं ग्रीस पुसत गोल फिरताना तीन ठिकाणी शिअर पिनऐवजी चक्क हाय टेन्साइल बोल्ट सापडले, षटकोनी डोक्याचे, छान आवळलेले. विचारलं तर उत्तर आलं, "तिथली पिन सारखी तुटायची."

पिन तुटते कारण ती तुटण्यासाठीच बसवलेली असते. दोन व्हेनच्या मध्ये ओंडका किंवा दगड अडकला आणि गेट (म्हणजे सगळ्या व्हेन मिळून) बंद व्हायला लागलं, की त्या एका व्हेनची पिन जाते आणि बाकीच्या व्हेन सुखरूप बंद होतात. तिथे बोल्ट असेल तर लिव्हर वाकतो, लिंक तुटते, नाहीतर गेट अर्धवट उघडंच राहतं. मशीनवरचा लोड अचानक सुटलेला असताना गेट अर्धवट राहणं म्हणजे मशीन बेफाम वेगाने पळणं.

पिन वारंवार जात असेल तर आधी कोणत्या नंबरची जाते ते लिहून ठेवा. दर वेळी तीच व्हेन असेल तर तिचा बुश जॅम आहे, ग्रीसची नळी तुंबली आहे, किंवा व्हेन वर-खाली कुठेतरी घासते आहे. दर वेळी वेगळी व्हेन असेल तर पिटमध्ये वेळ घालवू नका, ट्रॅश रॅककडे (पाण्यातला कचरा अडवणाऱ्या जाळीकडे) जा, एखादा बार तुटलेला असणार. आणि पिन ड्रॉइंगप्रमाणेच बनवून घ्या. लेथवाल्याने 'अंदाजे' काढून दिलेली, खाच नसलेली पिन ही बोल्टची चुलत बहीणच.

"थोडं थरथरतं, पण चालतं"

ज्या चुकीने माणसं मेली आहेत ती ही. १७ ऑगस्ट २००९ रोजी रशियातल्या सायानो-शुशेन्स्काया केंद्रात दोन नंबरच्या युनिटचं टर्बाइन कव्हर पाण्याच्या दाबाने उखडलं गेलं, टर्बाइन हॉलमध्ये पाणी घुसलं आणि ७५ जण गेले. कव्हर धरून ठेवणारे जे ४९ स्टड (जाड बोल्ट) नंतर तपासले, त्यातल्या ४१ वर फटीगच्या (वारंवार ताण पडून धातू थकल्याच्या) भेगा होत्या. अशा भेगा एका रात्रीत पडत नाहीत. त्या युनिटचं कंपन आधीपासून वाढत होतं, आणि त्या रात्री ग्रीडच्या मागणीप्रमाणे लोड वर-खाली करताना ते न चालवण्याच्या पट्ट्यातून पुन्हा पुन्हा नेलं गेलं.

फ्रान्सिस टर्बाइनला (टर्बाइनच्या एका नेहमीच्या प्रकाराला) असा पट्टा असतोच, साधारण ४० ते ७० टक्के लोडच्या आसपास. तिथे रनरखाली (टर्बाइनच्या फिरत्या चाकाखाली) ड्राफ्ट ट्यूबमध्ये (पाणी बाहेर नेणाऱ्या नळीत) पाण्याचा पिळदार भोवरा तयार होतो आणि मशीनच्या फेऱ्यांच्या साधारण पाव ते एक तृतीयांश गतीने धक्के देतो. ड्राफ्ट ट्यूबच्या दाराजवळ उभं राहिलं की ती धपधप छातीत जाणवते. हा पट्टा झटकन ओलांडायचा असतो, तिथे मुक्काम करायचा नसतो. जुनी केंद्रं बरेचदा एका ठरावीक लोडवर चालवायची म्हणून बांधलेली असतात. आज त्यांच्याकडून दिवसभर लोड वर-खाली करण्याची अपेक्षा असते, आणि धक्के शमवण्यासाठी हवा आत घेणारा व्हॉल्व्ह मात्र गंजून कधीचाच अडकलेला. तो हाताने हलवून पाहा. पहिल्याच प्रयत्नात हलला तर तुमचं नशीब.

कंपन कशामुळे आहे हे ओळखायला भारी यंत्रं नंतर आणा, आधी मशीन टप्प्याटप्प्याने चालवा. एक्सायटेशन (रोटरला चुंबक बनवणारा करंट) न देता फिरवा. वेगाबरोबर कंपन झपाट्याने वाढत असेल तर दोष यांत्रिक: असंतुलन किंवा शाफ्टचं अलाइनमेंट. मग पूर्ण वेगावर एक्सायटेशन द्या. त्या क्षणी कंपनाने उडी मारली तर दोष चुंबकीय: एअर गॅप (रोटर आणि स्टेटरमधली फट) असमान आहे, नाहीतर रोटरच्या एखाद्या पोलचे वेढे शॉर्ट आहेत. या दोन्ही वेळी मशीन शांत असेल आणि ठरावीक लोडवरच बिघडत असेल, तर दोष पाण्याच्या बाजूचा. हे तीन आकडे दर वर्षी सारख्याच हेडला (पाण्याच्या उंचीला) घेऊन ठेवले, तर पुढचा इंजिनीअर दुवा देईल.

आणि स्टडचे नट. शटडाउन मिळाला की टॉर्क तपासा, अल्ट्रासॉनिक चाचणी करून घ्या. 'घट्टच आहेत' हे डोळ्यांनी ठरत नाही.

बेअरिंग तापलं म्हणून अलार्मची सेटिंग वाढवणं

रात्रीच्या शिफ्टला अलार्म सारखा वाजतो, झोप मोडते, मग कोणीतरी सेटिंग दोन अंशांनी वर सरकवतं. पुढच्या उन्हाळ्यात आणखी दोन. थ्रस्ट बेअरिंगच्या (फिरत्या भागाचं सगळं वजन पेलणाऱ्या बेअरिंगच्या) पॅडवरचा व्हाइट मेटल (मऊ धातूचा थर) एकदा पुसला गेला की सगळा रोटर उचलावा लागतो, हे तेव्हा कोणाच्या मनात नसतं.

नुसता पॅडचा आकडा पाहू नका, त्यातून कूलिंग वॉटरचं तापमान वजा करून पाहा. पाणीच गरम आलं असेल तर वाढ समजण्यासारखी आहे. वजाबाकी वाढत चालली असेल तर मात्र शोध सुरू करा. कूलरमध्ये जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्यातला फरक वाढला असेल तर पाणी कमी पडतंय, स्ट्रेनर उघडा. फरक कमी झालाय आणि तेल तरीही गरम आहे, तर नळ्यांत गाळ बसून उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाहीये. एकच पॅड गरम दिसत असेल तर आधी त्याचा आरटीडी (तापमान मोजणारा सेन्सर) तपासा. सेन्सर ठीक निघाला, तर त्या पॅडवर इतरांपेक्षा जास्त भार येतो आहे.

सगळेच पॅड सावकाश तापत चालले असतील तर नजर टर्बाइन टॉप कव्हरच्या प्रेशर गेजवर ठेवा. गाळाच्या पाण्यातलं क्वार्ट्झ स्टीलपेक्षा कठीण असतं, ते लॅबिरिंथ सील (रनरच्या कडेने पाणी गळू न देणारं सील) खात जातं. सीलमधली फट वाढली की कव्हरखालचा दाब वाढतो आणि तो सगळा जोर थ्रस्ट बेअरिंगवर येतो. हा गेज बंद पडलेला असेल तर आजच बदला. इतकी स्वस्त वस्तू इतकी मोठी बातमी क्वचितच देते.

याच घरातली आणखी एक चूक: बंद केलेलं मशीन सावकाश फिरत राहू देणं. गाइड व्हेन गळत असतील तर शाफ्ट थांबत नाही. तेवढ्या वेगाला पॅडवर तेलाचा पापुद्रा धरत नाही आणि धातू धातूवर घासतो. इनलेट व्हॉल्व्ह बंद करा, ब्रेक लावून ठेवा, आणि जॅकिंग ऑइल पंप (पॅडखाली दाबाने तेल देऊन शाफ्ट किंचित उचलणारा) असेल तर पुन्हा सुरू करताना तो विसरू नका. उलट टोकाची चूक म्हणजे घाईने जास्त वेगावरच ब्रेक मारणं. त्या ब्रेकची धूळ थेट वाइंडिंगवर (जनरेटरच्या तारांच्या वेढ्यांवर) जाऊन बसते.

मेगरचे आकडे नुसते लिहून ठेवणं

एका वर्षी मशीन बंद केल्या केल्या गरम वाइंडिंगवर मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं उपकरण) लावला, पुढच्या वर्षी पावसाळ्यात आठवडाभर थंड पडल्यावर. दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले की इन्सुलेशन सुधारलं की बिघडलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की रीडिंग निम्म्यावर येतं, म्हणून सगळे आकडे ४० अंश सेल्सिअसवर आणून मगच तुलना करा. दहाव्या आणि पहिल्या मिनिटाच्या रीडिंगचं गुणोत्तर, म्हणजे पोलॅरायझेशन इंडेक्स, २ च्या खाली असेल तर आधी ओल आणि घाण शोधा. पहिल्याच मिनिटाला ५००० मेगाओमच्या वर असाल तर त्या गुणोत्तरावर डोकं खपवू नका. मशीन उभं असताना स्पेस हीटर चालू आहेत का, हे बघायला कोणतंही उपकरण लागत नाही.

स्क्रीनवरच्या आकड्यावर आंधळा विश्वास

अमेरिकेतल्या टॉम सॉक केंद्राचा वरचा जलाशय १४ डिसेंबर २००५ च्या पहाटे भरून वाहिला आणि बांध फुटला. पातळी मोजणारे सेन्सर बांधणीतून सुटले होते, त्यामुळे पडद्यावर पाणी खरोखरपेक्षा खाली दिसत होतं. शेवटचा आधार म्हणून बसवलेले प्रोब बांधाच्या सर्वांत सखल जागेपेक्षाही वर होते. जुन्या केंद्रात नवी स्काडा यंत्रणा (सगळे आकडे संगणकाच्या पडद्यावर दाखवणारी) आली की पाण्याची पातळी दाखवणारा, रंगीत पट्टी असलेला गेज पोस्ट कोणी वाचेनासं होतं. शिफ्टमध्ये एकदा तरी माणसाने जाऊन तो वाचावा आणि स्क्रीनशी ताडून पाहावा.

बॅटरी बँकेचंही तसंच. फ्लोट व्होल्टेज (चार्जर चालू असतानाचं) बरोबर दिसतं, पण लोड टाकल्यावर सेल मान टाकतात. बॅटरीचा डीसी पुरवठा गेला की ट्रिप कॉइल (ब्रेकर उघडणारी) गेली, म्हणजे रिले कितीही नवा असो, ब्रेकर उघडणार नाही. डिस्चार्ज चाचणी करा. इनटेक गेट वीज नसताना स्वतःच्या वजनाने खाली येतं का, हेही वर्षातून एकदा प्रत्यक्ष टाकून पाहा. सायानोमध्ये केंद्राची वीज गेल्यावर माणसांनी धरणाच्या माथ्यावर जाऊन गेट हाताने बंद केली होती.

रनरचं वेल्डिंग, अर्थ मात्र लांब कुठेतरी

कॅव्हिटेशनचे (पाण्यातले बुडबुडे फुटून धातूला पडणारे) खड्डे भरताना ब्लेडचा आकार टेम्प्लेटशी न जुळवता 'गुळगुळीत' केला, की पुढचा खड्डा त्याच्या शेजारीच पडतो. पण त्याहून वाईट म्हणजे वेल्डरने अर्थची क्लॅम्प सोयीची म्हणून पिटच्या जिन्याला लावणं. वेल्डिंगचा करंट मग परत जाताना शाफ्टमधून, बेअरिंगमधून वाट काढतो आणि व्हाइट मेटलवर सुईच्या टोकाएवढे डाग पाडत जातो. क्लॅम्प त्याच ब्लेडवर, वेल्डिंगपासून हातभर अंतरावर लावायची. काम झालं की शाफ्ट आणि बेअरिंगमधलं इन्सुलेशन मोजायचं, आणि तो आकडा वेल्डिंग सुरू करण्याआधीच्या आकड्याशेजारी लिहूनच वॉटर परमिट (पाणी बंद ठेवून काम करण्याची लेखी परवानगी) परत करायचं.