अ‍ॅक्रिलिक चित्र पुसताना या चुका टाळा

भिंतीवरचं अ‍ॅक्रिलिक चित्र मळकट दिसायला लागलं की हात आधी ओल्या फडक्याकडे जातो. प्लास्टिकचाच रंग, पाण्याने काय होणार, असा हिशेब असतो. तो चुकतो.

1950 च्या दशकात बाजारात आलेले हे पाण्यात मिसळणारे रंग वाळले तरी तैलरंगासारखे कडक होत नाहीत. खोलीच्या तापमानालाही थर मऊच राहतो, म्हणून धूळ नुसती बसत नाही, रुतते. शिवाय रंग एकजीव राहावा म्हणून घातलेली साबणासारखी द्रव्यं हळूहळू वर येतात. पाण्याने ती निघून जातात, थर फुगतो आणि फुगलेल्या थरावर कापसाचा बोळा फिरला की रंगही सुटू शकतो. कापसावर करड्या मळाऐवजी निळा किंवा लाल दिसला की तिथेच थांबा.

तैलचित्रावर चालणारा, थुंकीने ओला केलेला बोळा इथे बिनधास्त वापरू नका. अ‍ॅसिटोन आणि स्पिरिट थर मऊ करतात, विरघळवतातही. अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रव थर आणखी फुगवतं. म्हणून संवर्धक, म्हणजे कलाकृतींची निगा राखणारे तज्ज्ञ, किंचित आम्लधर्मी, क्षारांचं प्रमाण जुळवलेलं पाणी वापरतात, तेही कोपऱ्यात चाचणी घेऊनच. लंडनच्या टेट कलासंग्रहालयाने आणि लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेने यावर बरंच काम केलं आहे.

मला सगळ्यात जास्त सलते ती घासून आलेली चमक. चित्रकार तैयब मेहतांचं 'सेलिब्रेशन' (1995) आठवा: अ‍ॅक्रिलिकच्या सपाट रंगाचे मोठमोठे पट्टे. अशा चित्रात तळहाताएवढी जागा जरी घासली गेली, तरी बाजूने उजेड पडताच डाग उठून दिसतो. इथे मॅटपणा हाच चित्राचा प्राण असतो आणि तो सहसा परत आणता येत नाही. चमक एकसारखी करायला वार्निश मारणं तर त्याहून वाईट. पुढे ते काढायचं झालं तर वार्निश विरघळवणारा द्रव खालचा रंगही सोडवू शकतो.

घरी करायचं ते एवढंच: मऊ, कोरडा ब्रश, जोर न देता. रंगाचे पोपडे सुटत असतील तर तोही नको.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत बबल रॅप थेट रंगाला टेकवून ठेवला तर चिकटतो. तो ओढू नका. भोवतालचं मोकळं प्लास्टिक कापा, चिकटलेलं तसंच राहू द्या, चित्र आडवं ठेवा आणि संवर्धकाला बोलवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे विचारता येईल.