मोठे कोई मासे नव्या तळ्यात हलवताना

बंगल्यातील तळ्यातले दीड-दोन फुटांचे कोई मासे दुसऱ्या घरी न्यायचे असतील, तर तयारी नव्या तळ्यातील पाण्यापासून सुरू करावी. नळाच्या पाण्यातील क्लोरीन सोडियम थायोसल्फेट घालून आधीच घालवावे आणि जुन्या फिल्टरमधील स्पंज ओला ठेवूनच सोबत न्यावा, कारण माशांच्या उत्सर्जनातून पाण्यात येणाऱ्या अमोनियाचा निचरा करणारे जिवाणू त्यातच असतात. तो नळाखाली स्वच्छ धुण्याचा मोह मात्र आवरावा. निघण्यापूर्वी दोन दिवस खाद्य बंद ठेवावे.

जाळ्याने मासा फक्त वळवावा, उचलू नये. उचलल्यास त्याचा सगळा भार जाळीवर घासतो आणि खवले निघतात. पाण्याखालीच त्याला ओल्या कापडी झोळीत घेऊन पिशवीत सोडावे. दुहेरी पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि उरलेल्या जागेत ऑक्सिजन भरून ती गाडीत आडवी व अंधारात ठेवावी.

पोहोचल्यावर बंद पिशवी 20 मिनिटे नव्या पाण्यावर तरंगत ठेवावी. प्रवास लांबचा झाला असेल, तर उघडलेल्या पिशवीत तळ्याचे पाणी थोडेथोडे मिसळत बसू नये, कारण पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सामू (पाण्याचा pH) वाढतो आणि साचलेला अमोनिया अधिक विषारी होतो. मासा झोळीने लगेच तळ्यात सोडावा आणि पिशवीतील पाणी बाहेर फेकावे. बुजलेले कोई उडी मारतात, म्हणून पहिले काही दिवस तळ्यावर जाळी ताणून ठेवावी.