हडप्पाच्या नगरांवर लिहिताना या चुका टाळा

सिंधू संस्कृतीवर लेख लिहिणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा एकाच जागी घसरते. जमिनीत काय सापडलं आणि त्याला नंतर नाव काय दिलं गेलं, यांची सरमिसळ होते.

मोहेंजोदडोचं ‘धान्यकोठार’ घ्या. महास्नानगृहाच्या पश्चिमेला विटांचे 27 चौथरे आहेत, मधून अरुंद बोळ. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी 1950 मध्ये तिथं खोदलं, बोळ हवा खेळण्यासाठी असावेत असं मानलं आणि इमारतीला कोठार ठरवलं. पण तिथं ना जळके दाणे मिळाले, ना साठवणीचे रांजण. तरी नाव पाठ्यपुस्तकांत रुजलं आणि त्याच्या जोरावर थेट ‘राजा धान्यरूपाने कर घ्यायचा’ इथपर्यंत मजल गेली! म्हणून आधी दिसतं ते लिहा: मोठी इमारत, चौथरे, बोळ. उपयोगाचा अंदाज हा अंदाज म्हणूनच सांगा. ‘पुरोहित-राजा’ म्हणतात त्या सेलखडीच्या (मऊ दगडाच्या) लहान मूर्तीलाही हाच नियम लावा.

‘शहर एकाएकी उभं राहिलं’ हे विधानही टाळा. मोहेंजोदडोचे सर्वांत खालचे थर भूजलात बुडालेले असल्याने तिथली सुरुवात नीट खोदताच आलेली नाही. सुरुवात बघायची तर हडप्पाकडे वळा. तिथं इ.स.पू. 3300 च्या सुमारास छोटी वस्ती दिसते, 2800 नंतर ती पसरते, कच्च्या विटांच्या भिंती येतात, आणि 2600 नंतर नगर पूर्ण बहरतं. मध्ये सात शतकं गेली आहेत.

सगळी शहरं एका साच्यातली नव्हती. विटांचं 1:2:4 (जाडी : रुंदी : लांबी) हे प्रमाण दूरदूरच्या ठिकाणी आढळतं, पण गुजरातेतल्या धोलावीरात बांधकामात दगड भरपूर आहे आणि पाण्याचे प्रचंड हौदही.

आपल्याकडच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या दायमाबादबद्दल तर विशेष जपून लिहावं. रथ, हत्ती, गेंडा, रेडा ही धातूची अप्रतिम ओतीव शिल्पं 1974 मध्ये गावकऱ्यांच्या हाती लागली, शास्त्रीय उत्खननात नव्हे. त्यामुळे ती नेमक्या कोणत्या थरातली, हे ठामपणे सांगता येत नाही आणि काळाबद्दल मतभेद आहेत. उत्तर हडप्पा काळातल्या (नगरं बहरून गेल्यानंतरच्या, शेवटच्या टप्प्यातल्या) वस्तीचा पुरावा म्हणून पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांच्या उत्खननात थरातून निघालेली खापरं आणि सिंधू लिपीतल्या मातीच्या मुद्रा द्या. शिल्पांचा परिच्छेद वेगळा ठेवा.