रोमन दिवे ओळखताना या चुका टाळा: चित्र नंतर, आधी बूड बघा

कुणीही जुन्या रोमन दिव्याचा फोटो पाठवला की तो हमखास वरून काढलेला असतो. ग्लॅडिएटर दिसतात, देवी दिसते, बूड मात्र कुणी दाखवत नाही.

आमच्या एका मित्राने इंग्लंडमध्ये ऑनलाइन असा दिवा घेतला. वातीच्या चोचीच्या दोन्ही बाजूंना वेटोळी, वरच्या गोल खोलगट तबकडीत दोन ग्लॅडिएटर आणि बुडावर उठावात ‘फोर्टिस’. विकणारा म्हणाला पहिलं शतक, इटली, नामांकित कारखाना, आणि गडी खूश. आता फोर्टिसचा कारखाना खरंच होता, इटलीतल्या मोदेना शहरात, पण त्याचा माल इतका खपायचा की पार ऱ्हाइन-डॅन्यूबच्या काठापर्यंत लोक त्याच्याच दिव्यावरून साचा काढून शिक्क्यासकट नकला पाडायचे, त्यामुळे नाव दिसलं म्हणजे दिवा इटलीचा असं अजिबात नाही. शिवाय हे शिक्केवाले दिवे पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झालेले, एकदम साधे, तबकडीत फार तर एखादा मुखवटा. वेटोळ्यांची चोच, ग्लॅडिएटर आणि फोर्टिस एकाच दिव्यावर म्हणजे डोक्यात घंटा वाजायलाच हवी. मी चोचीचा फोटो मागतोय आणि हा मित्र ग्लॅडिएटरचेच क्लोजअप पाठवतोय! शेवटी आला फोटो, तर वातीचं भोक आत उघडतच नव्हतं, मातीने बंद. वातीला तेल मिळणार कुठून? विकणाऱ्याने नंतर मेसेज बघितले पण उत्तर दिलं नाही.

चित्र पुसट आहे म्हणून लगेच नकली म्हणू नका. तयार दिव्यावरून साचा काढायची पद्धत रोमन काळातलीच. माती सुकताना आणि भाजताना आकसते, म्हणून प्रत्येक पिढीची नक्कल थोडी लहान आणि जास्त पुसट.

चोचीवरची काजळी घासू नका. ब्रश घेऊन बसणाऱ्या उत्साही मंडळींपुढे मी हात टेकलेत. काजळी म्हणजे दिवा वापरल्याची खूण, तीच घालवून वर विचारतात की हा वापरलेला असेल का! काजळी नाही म्हणजे नकली असंही नाही, थडग्यात न पेटवता ठेवलेले दिवे भरपूर सापडतात.

तेल घालून पेटवून बघू नका. माती तेल पिते, डाग जात नाही.

आणि उत्तर आफ्रिकेतले लाल लेपाचे, ख्रिस्ताचं चिन्ह असलेले दिवे साधारण चौथ्या-पाचव्या शतकापासूनचे. ‘येशूच्या काळातला’ म्हणून कुणी गळ्यात मारायला आला तर चहा पाजून परत पाठवा.