दुर्मीळ पोर्तुगीज आडनावाचा माग काढताय? या चुका टाळा

आडनाव जितकं दुर्मीळ, तितकी फसगत मोठी. सिल्व्हा किंवा सांतुश शोधणारा माणूस आधीपासून सावध असतो, कारण या नावांची माणसं पोर्तुगालच्या गल्लोगल्ली आहेत हे त्याला ठाऊक असतं. पण बेतेंकूर, पेरेश्त्रेलो, दुत्रा असं एखादं नाव हाती लागलं, की ‘इतकी कमी माणसं म्हणजे सगळी एकाच घराण्यातली’ असं वाटू लागतं. वंशवृक्ष भरकटतो तो इथूनच. पुढे मुख्यतः बेतेंकूर हे आडनाव उदाहरणाला घेतलं आहे, कारण त्याचा प्रवास कागदोपत्री बराच दिसतो आणि होणाऱ्या बहुतेक चुका त्या एका नावात सापडतात.

प्रसिद्ध पूर्वजापासून खाली उतरत येणं

बेतेंकूर मुळात पोर्तुगीज नाही, नॉर्मन फ्रेंच आहे. जाँ द बेतांकूर हा नॉर्मंडीचा सरदार १४०२ मध्ये ला रोशेल बंदरातून निघाला आणि त्याने कॅनरी बेटांपैकी लान्झारोते, फुएर्तेव्हेन्तुरा आणि एल इएर्रो ताब्यात घेतली. नंतर तो मायदेशी परतला आणि कारभार मासियो या नातलगाकडे सोपवला. मासियोने १४४८ मध्ये लान्झारोतेवरचे हक्क पोर्तुगालचा राजपुत्र हेन्री याला दिले आणि स्वतः अटलांटिक महासागरातल्या मदैरा या पोर्तुगीज बेटावर जाऊन राहिला. तिथून हे नाव त्याच महासागरातल्या अझोर्स या पोर्तुगीज बेटसमूहावर गेलं, आणि अझोर्समधून ब्राझील, मॅसॅच्युसेट्स व कॅलिफोर्नियापर्यंत पोचलं.

इतका तयार इतिहास मिळाल्यावर लोक जाँचं नाव वंशवृक्षाच्या टोकाला लिहून मोकळे होतात आणि मधल्या पाचशे वर्षांत मिळतील ती नावं भरत जातात. पण जाँला औरस संतती नव्हती. नाव पुढे गेलं ते मासियो, त्याचे पुतणे आणि इतर नातलगांमार्फत. शिवाय कॅनरी बेटांवरच्या अनेक मूळ रहिवाशांनी बाप्तिस्म्यानंतर हेच आडनाव घेतलं. त्यांचे वंशजही तितकेच खरे बेतेंकूर आहेत, फक्त त्यांचं मूळ नॉर्मंडीत नाही. आणि खुद्द फ्रान्समध्ये बेतांकूर नावाची एकाहून अधिक गावं असल्यामुळे एकमेकांशी काहीही नातं नसलेल्या घराण्यांनाही हे आडनाव लागलेलं आहे. लॉरिआल कंपनीच्या वारसदार लिलियान बेतांकूर यांना हे नाव नॉर्मंडीत जन्मलेल्या पतीकडून मिळालं. अझोर्समधल्या एखाद्या शेतकरी कुटुंबाशी त्यांचं नातं जोडायला निव्वळ स्पेलिंग पुरत नाही.

म्हणून उलटं चाला. सगळ्यात अलीकडची, कागदांनी सिद्ध होणारी व्यक्ती घ्या आणि एकेक पिढी मागे जा. दोन पिढ्यांना जोडणारा कागद मिळत नसेल, तर तिथेच थांबा.

आडनाव बापाकडूनच आलं असणार, असं धरून चालणं

ही चूक सगळ्यात जास्त वेळ खाते. पोर्तुगालमध्ये नागरी जन्मनोंदणी सक्तीची झाली १९११ मध्ये. त्याआधीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत बाळाचं फक्त पाळण्यातलं नाव असतं. आडनाव माणूस मोठेपणी वापरू लागे, आणि ते बापाचं, आईचं, आजीचं किंवा धर्मपित्याचंही (बाप्तिस्म्याला साक्षीदार म्हणून उभा राहणाऱ्याचं) असू शके. सख्ख्या भावांची आडनावं वेगळी असणं तिथे नवलाचं नव्हतं. एक भाऊ बेतेंकूर, दुसरा आव्हिला, तिसरा सिल्व्हैरा. बायकांची गोष्ट आणखी वेगळी. कित्येकींना आडनावच नसे, त्याजागी ‘द जेझूश’, ‘दु इश्पिरितु सांतु’, ‘दा कॉन्सैसांव’ अशी भक्तिवाचक जोड असे. ‘मारिया द जेझूश’ हिचे वडील ‘जेझूश’ आडनावाचे होते असं समजून शोध घेतलात, तर महिनोन्‌महिने हाती काही लागणार नाही.

यावर उपाय असा, की वहीत आडनाव शोधूच नका. आईबापांच्या नावांची जोडी शोधा. ‘मानुएल आणि मारिया द जेझूश’ यांची सगळी मुलं त्या पॅरिशच्या (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या) वहीतून काढा, आजी-आजोबांची नावं प्रत्येक नोंदीत जुळतात का ते पाहा, मगच कोणी पुढे कोणतं आडनाव लावलं ते ठरवा. आजही पोर्तुगीज नावात दोन नावं आणि चारपर्यंत आडनावं चालतात. साधारणपणे आईकडचं आधी आणि बापाकडचं शेवटी. मधलं बेतेंकूर पुढच्या पिढीत गळून जाऊ शकतं, आणि नातवाने ते पुन्हा उचललेलंही दिसतं.

याच कारणामुळे पुरुष वंशाची डीएनए चाचणी करून ‘आमचं आडनाव जुळलं’ किंवा ‘जुळलं नाही’ असा निकाल लावता येत नाही. नाव आईकडून आलेलं असेल, तर वाय गुणसूत्र, जे फक्त बापाकडून मुलाला मिळतं, दुसऱ्याच घराण्याचं असणार.

दुर्मीळ म्हणजे जुनं, असा समज

झुझे सारामागू या नोबेल विजेत्या लेखकाचं कुटुंब ‘द सोझा’. गावात घराण्याला पडलेलं टोपणनाव होतं सारामागू, म्हणजे रानमुळा. १९२२ मध्ये जन्म नोंदवताना कारकुनाने तेच टोपणनाव लिहून टाकलं. पुढे मुलाशी नाव जुळावं म्हणून वडिलांनाही ते लावावं लागलं. असं आडनाव मध्ययुगात शोधणाऱ्याला काय सापडणार? १९११ नंतरचा जन्मदाखला आधी काढा. आईबापांचं आडनाव त्यात वेगळं दिसलं, तर उगम तिथेच आहे.

हस्ताक्षर आणि संक्षेप यांत फसणं

पॅरिशच्या वह्या बहुतेक ठिकाणी सोळाव्या-सतराव्या शतकापासून सुरू होतात. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५६३ मध्ये बाप्तिस्मा व विवाह नोंदवायचा नियम केला, त्यानंतर. लिहिणाऱ्या पाद्र्याला कागद वाचवायचा असे, म्हणून शब्द तोडलेले असतात. ‘रोइज’ असं दिसलं तर ते रोद्रिगिश. ‘जीएलझेड’ म्हणजे गोन्साल्व्हिश, ‘एफआरझेड’ म्हणजे फर्नांदिश. ‘पीआरए’ लिहून शेवटचं अक्षर वर चढवलेलं असेल तर ते पेरैरा. आंतरजालावरच्या कितीतरी वंशवृक्षांत ‘रोइज’ हे एक वेगळं, दुर्मीळ आडनाव होऊन बसलं आहे.

महिन्यांचा घोळ याहून वाईट. ‘७ब्रो’ म्हणजे सातवा महिना जुलै नव्हे. तो सप्टेंबर. ‘८ब्रो’ ऑक्टोबर, ‘९ब्रो’ नोव्हेंबर, आणि ‘१०ब्रो’ किंवा रोमन एक्स लावून ‘एक्सब्रो’ म्हणजे डिसेंबर. जुन्या लॅटिन गणनेप्रमाणे हे आकडे आहेत. जुलै धरून बसलात की बाळाचा जन्म आईबापांच्या लग्नाआधी येतो आणि मग नसलेलं रहस्य उकलत बसावं लागतं.

बेतेंकूरचं स्पेलिंगही एक धरू नका. दोन ‘टी’ की एक, ‘टी’च्या पुढे ‘एच’ आहे की नाही, पहिला स्वर ‘ई’ की ‘आय’, शेवटचा ‘टी’ आहे की गळालाय, हे सगळे पर्याय शोधखिडकीत टाकून पाहावे लागतात. ब्राझीलमध्ये ‘बिटेनकोर्ट’ घाटाची रूपं जास्त, कॅनरी बेटांवर ‘बेतांकोर’, कोलंबियात ‘बेतांकुर’. त्यात पोर्तुगालमध्ये १९११ साली आणि ब्राझीलमध्ये १९४३ साली शुद्धलेखन बदललं, त्यामुळे एकाच माणसाचं नाव तरुणपणी एका तऱ्हेने आणि म्हातारपणी दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेलं मिळतं. यंत्राने केलेल्या सूचीवर विसंबू नका. सूचीत नाव नसेल तरी मूळ पानांचे फोटो एकेक करून चाळा.

नवशिक्याने १८६० नंतरच्या वह्यांपासून वाचायला घ्यावं. त्या वर्षापासून नोंदीचा साचा ठरलेला आहे: समासात बाळाचं नाव, मग तारीख, आईबाप, त्यांचं मूळ गाव व व्यवसाय, दोन्हीकडचे आजी-आजोबा, धर्ममातापिता, शेवटी सह्या. दहा-बारा नोंदी ओळीने वाचल्या की डोळा बसतो, मग मागच्या शतकात शिरावं.

गावाचं नाव पुरेसं समजणं

पोन्ता देल्गादा हे अझोर्समधल्या साऊं मिगेल बेटावरचं शहर, पण याच नावाची पॅरिश तिथल्याच फ्लोरिश बेटावरही आहे आणि मदैरावरही. सांता क्रूझ अझोर्सच्या ग्रासिओझा बेटावर, फ्लोरिशवर आणि मदैरावर. कालेता अझोर्सच्या साऊं जॉर्ज बेटावर आणि मदैरावर. अमेरिकेतल्या कागदावर नुसतं ‘सांता क्रूझ, अझोर्स’ असेल तर ग्रासिओझा आणि फ्लोरिश ही दोन्ही बेटं तपासावी लागतात. बेट, तालुका आणि पॅरिश अशी तिन्ही नावं मिळेपर्यंत वह्या उघडून उपयोग नाही. एकोणिसाव्या शतकातल्या स्थलांतरितांसाठी पासपोर्टच्या नोंदवह्या इथे कामी येतात.

अझोर्सच्या पॅरिश वह्यांचे फोटो तिथल्या प्रादेशिक ज्ञानकेंद्राच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात, मदैराचे फुंशालच्या प्रादेशिक अभिलेखागाराकडे, मुख्य भूमीचे जिल्हा अभिलेखागारांकडे आणि लिस्बनच्या तोर्रे दु तोंबो या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे. लिस्बन शहरातला पूर्वज असेल तर १ नोव्हेंबर १७५५ चा भूकंप लक्षात ठेवा. कित्येक पॅरिशच्या वह्या त्यात गेल्या. तिथे इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, पदांसाठी झालेल्या चौकशांचे कागद आणि पाद्री होऊ इच्छिणाऱ्यांच्या कुळाच्या चौकशा उपयोगी पडतात, कारण साक्षीदारांनी आजी-आजोबांपर्यंतची माहिती दिलेली असते.

नकाशावरचा गडद रंग पाहून निष्कर्ष काढणं

आडनावांचे नकाशे दाखवणारी संकेतस्थळं बहुतेक वेळा टेलिफोन डिरेक्टरी, मतदारयादी आणि समाजमाध्यमांवरून अंदाज बांधतात. डिरेक्टरीत घरटी एकच नाव आणि शेवटचंच आडनाव मोजलं जातं. मधल्या जागी असलेले बेतेंकूर त्यात येतच नाहीत.

दुसरं म्हणजे एकूण संख्या आणि प्रमाण यांत गल्लत होते. समजा, एका आडनावाची १,००० माणसं पोर्तुगालच्या मुख्य भूमीवर आणि ७०० अझोर्समध्ये आहेत. आकडा मुख्य भूमीचा मोठा दिसतो. पण २०२१ च्या जनगणनेत मुख्य भूमीची लोकसंख्या सुमारे ९८.५ लाख आणि अझोर्सची २.३६ लाख. म्हणजे तिकडे दर दहा हजारांत एक, इकडे दर दहा हजारांत तीस. नावाचं घर कुठे ते दुसऱ्या हिशेबात कळतं. आणि तेही आजचं घर. ब्राझीलच्या सांता कातारिनात बेतेंकूरची रूपं भरपूर सापडतात, कारण १७४८ ते १७५६ या काळात अझोर्समधून सहा हजारांच्या आसपास माणसं तिथे वसवली गेली. नकाशा गर्दी दाखवतो, उगम दाखवत नाही.

जुन्या काळचं प्रमाण हवं असेल तर पाप-निवेदनाच्या घरवार याद्या शोधा. उपवासकाळात कोणी पाप-निवेदन केलं हे टिपण्यासाठी पाद्री गल्लीवार, घरवार माणसं लिहून ठेवत. जिथे या याद्या टिकल्या आहेत तिथे एका वर्षाची जवळजवळ शिरगणतीच मिळते.

कुळचिन्ह विकत घेणं, झाडावरून धर्म ठरवणं

रुपेरी ढालीवर काळा सिंह हे बेतांकूर घराण्याचं चिन्ह. ते त्या घराण्याच्या सिद्ध वंशजांचं असतं, आडनाव लावणाऱ्या प्रत्येकाचं नसतं. तसंच ऑलिव्हैरा, पेरैरा अशी झाडांवरून आलेली आडनावं म्हणजे हमखास ज्यू मूळ, हा सर्रास पसरलेला समजही टिकत नाही. १४९७ च्या सक्तीच्या धर्मांतरानंतर ज्यूंनी आजूबाजूला प्रचलित असलेलीच नावं घेतली, तीच नावं जुन्या ख्रिस्ती घरांतही होती. फ्लेमिश (आजच्या बेल्जियमच्या उत्तर भागातल्या) मुळाचंही तेच. अझोर्समधल्या फायाल बेटाचा कप्तान योस फान ह्युर्तर याच्यापासून दुत्रा आलं हे खरं, विलेम फान डर हागन याला अझोर्समध्ये सिल्व्हैरा म्हणू लागले हेही खरं. पण सिल्व्हैरा हे पोर्तुगालमधलं स्वतंत्र जुनं आडनावही आहे, म्हणून प्रत्येक सिल्व्हैरा फ्लेमिश होत नाही.

गोवा आणि वसईतून शोधताना

इथे तर आडनावावरून रक्ताचं नातं काढायला जाऊच नये. गोव्यात सोळाव्या शतकापासून आणि वसईत १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज अमलात बाप्तिस्मा घेणाऱ्याला धर्मपित्याचं, पाद्र्याचं किंवा एखाद्या अधिकाऱ्याचं आडनाव मिळे. दुर्मीळ आडनाव एखाद्या गावात दाटीने आढळलं, तर कोणा अधिकाऱ्याचे वंशज शोधण्याआधी त्या गावात बाप्तिस्मे कोणी केले आणि धर्मपिता कोण उभा राहिला ते पाहा. धर्मांतरापूर्वीचं नाव कधीकधी गावकरीच्या म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या कोमुनिदादच्या कागदांत वांगडासह (कुळासह) मिळतं, आणि शोधाची खरी दिशा ती आहे. स्पेलिंगची काळजी इथेही घ्या. आपल्याकडे इंग्रजीत ‘डी’नंतर अपॉस्ट्रॉफी देऊन लिहिलेलं डिसोझा पोर्तुगालच्या सूचीत ‘एस’खाली, ‘सोझा’ म्हणून सापडतं. ‘द’, ‘दा’, ‘दुश’ हे जोडशब्द तिथे क्रमवारीत धरत नाहीत.

वाट खुंटल्यावर

दोन ठिकाणी माणसं हात टेकतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत ‘इश्पोश्तु’ हा शब्द दिसला तर मूल टाकलेलं होतं, आईबाप सापडणार नाहीत असं समजून वही मिटली जाते. त्याआधी नगरपालिकेची किंवा मिझेरिकोर्दिया या धर्मादाय संस्थेची टाकलेल्या मुलांची नोंदवही मागवा. मूल कोणत्या कपड्यांत होतं, सोबत काय खूण बांधली होती, कोणत्या दाईकडे दिलं, हे त्यात लिहिलेलं असतं, आणि क्वचित आईबापांनी मूल परत नेल्याचीही नोंद मिळते.

दुसरी जागा म्हणजे वह्याच नष्ट झालेल्या असणं. मग लग्नाच्या नोंदीतली नात्याची सूट बघा. लहान बेटांवर नात्यात लग्नं होत आणि चर्चची परवानगी लागे. ‘दुसऱ्या पायरीची सूट’ म्हणजे वधूवर चुलत, मामे, आते किंवा मावस भावंडं, आजी-आजोबा एकच. तिसऱ्या पायरीला पणजोबा एक, चौथ्या पायरीला खापरपणजोबा एक. ‘तिसऱ्या व चौथ्या पायरीत’ असं लिहिलेलं असेल तर सामाईक पूर्वज एकाला तीन पिढ्या वर आणि दुसऱ्याला चार पिढ्या वर. मूळ परवानगीचा अर्ज बिशपच्या कचेरीत टिकलेला असला, तर पूर्वजांपर्यंतची साखळी त्यात नावानिशी मांडलेली असते.